गुडघे टेकलेला गव्हर्नर आम्हाला नको

प्रति,
१९ डिसेंबरचे कार्यक्रम आखणाऱ्या गोव्यातील शाळा-समित्या आणि मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खुले लिहावे लागते आहे, कारण बंद पाकिटातले पत्र १८ डिसेंबरला दिले होते. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. ज्या शाळेला ते दिले तिचे नाव इथे लिहिणार नाही. एक तर ती मुले अजून तिथेच शिकणार आहेत. शिवाय गेल्या काही वर्षांत मुक्तिदिनाचे जेवढे कार्यक्रम मी पाहिले, त्यांत थोड्याफार फरकाने हेच चाललेले असते. ज्याचे त्याने ओळखावे.

झाले ते असे. मी निवृत्त शिक्षिका, एकतीस वर्षे इतिहास शिकवला. यंदा फोंडा तालुक्यातल्या एका शाळेने नववीच्या मुलांकडून मुक्तिदिनाचे प्रदर्शन करून घ्यायला मला बोलावले. पहिल्याच दिवशी मी ऑपरेशन विजयबद्दल, म्हणजे १९६१ मध्ये गोवा सोडवणाऱ्या भारतीय लष्करी मोहिमेबद्दल, सांगत होते, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, पण लढाई संपली हे सैनिकांना सांगतो कोण?" मी तोंड उघडण्याआधी पुढच्या बाकावरून उत्तर आले, "ग्रुपवर मेसेज येतो!" वर्ग हसला. पण हसून झाल्यावरही प्रश्न तिथेच होता. मग प्रदर्शन त्यावरच करायचे ठरले. नाव मुलांनी दिले, 'युद्ध संपते कसे?' दोन महिने खपून त्यांनी अकरा तक्ते केले आणि जोडीला सात मिनिटांचे नाटुकले बसवले. त्याचा शेवटचा प्रवेश पोर्तुगीज गव्हर्नरच्या शरणागतीचा, अगदी साधा होता. एक टेबल, एक कागद, दोन माणसे, रात्रीचे साडेआठ.

१७ तारखेला रंगीत तालीम झाली. समितीतले दोघे-तिघे पाहून गेले आणि तासाभरात निरोप आला की तक्ते उतरवा आणि शेवटचा प्रवेश बदला. बदललेला प्रवेश मी १९ तारखेला प्रेक्षकांत बसून पाहिला. गव्हर्नर झालेला मुलगा गुडघ्यांवर येतो, भारतीय अधिकाऱ्याचे पाय धरतो, "माफ करा, माफ करा" म्हणतो, आणि अधिकारी त्याची टोपी लाथेने उडवतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. टोपी पुठ्ठ्याची होती, ती थेट पहिल्या रांगेत येऊन पडली. ती आणायला खाली उतरावे की नाही हे न कळल्यामुळे तो मुलगा पडदा पडेपर्यंत तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

कारण विचारले. उत्तर द्यायला जो पुढे आला तो माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "बाई, मुक्तीच्या दिवशी शरणागती कशाला? सणासुदीला असं नको. आणि पोर्तुगीजांची बाजू घेतल्यासारखं वाटतं." बोलला तो अदबीनेच. त्याच्यावर मला रागावता येत नाही. दहावीत त्याला मी जे शिकवले त्यात हे नव्हतेच.

आता यात माझा काय संबंध ते सांगते. फोंड्याच्या वरच्या बाजारात आमच्या बाबांचे शिलाईचे दुकान होते. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज फौज शरण आली तेव्हा हजारो माणसे युद्धकैदी झाली. आधी त्यांना नावेली, आग्वाद, वास्को अशा ठिकाणी ठेवले आणि जानेवारीपर्यंत बहुतेकांना फोंड्याच्या नव्या छावणीत आणले. मी तेव्हा दोन वर्षांची नव्हते, मला काही आठवणे शक्य नाही. पण बाबांची मापाची वही माझ्याकडे आहे. तिच्यातली तीन पाने बाकीच्या पानांसारखी नाहीत. एरवी प्रत्येक मापापुढे गिऱ्हाइकाचे नाव आणि वाडा लिहिलेला असतो. या तीन पानांवर नाव एकही नाही. डावीकडे नंबर आणि पुढे दोन आकडे: ३४, ३१. ३६, ३२. ३२, ३०. त्या एप्रिलमध्ये छावणीच्या कंत्राटदाराने पँटींचे गाठोडे दुकानात आणून टाकले होते. कैदी मायदेशी जायच्या आधी कमरेत आत घ्यायच्या होत्या. पहिला आकडा पँटीचा, दुसरा माणसाचा.

बाबांना पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा, कळवळा होता असे कोणी समजू नये. १९५५ च्या ऑगस्टमधल्या सत्याग्रहाच्या वेळी दोघा सत्याग्रह्यांना दुकानात पाणी दिले म्हणून एका पोलिसाने त्यांच्या कानफटात दिली होती. त्या कानाने त्यांना शेवटपर्यंत कमी ऐकू येई. गिऱ्हाइकाने त्या बाजूला उभे राहून माप सांगितले की हमखास चूक व्हायची. तरी गाठोड्यातल्या एकेका पँटीची शिवण त्यांनी नीट उसवली आणि नीट घातली. का, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "शिलाईचे पैसे वेळेवर मिळाले." त्यापलीकडे काही बोलले नाहीत.

त्यातल्या एका पानाची झेरॉक्स आमच्या अकराव्या तक्त्यावर होती. तक्ते उतरवताना कोणीतरी म्हणाले, "हे काय, शिंप्याचा हिशेब?" होय, शिंप्याचाच हिशेब आहे. आणि तो तुम्ही उतरवलात म्हणून हे पत्र.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार त्या गुडघ्यांची. ते घडलेच नाही.

घडले ते असे. १४ डिसेंबरला लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना आला. मतलब असा की तह होणार नाही, पोर्तुगीज कैदी दिसता कामा नयेत, सैनिक आणि खलाशी एक तर जिंकतील नाही तर मरतील. लिस्बनमधल्या खुर्चीत बसून असा हुकूम सोडणे सोपे असते. इथे १८ तारखेला दाभोळी विमानतळावर बॉम्ब पडले. 'आफोन्सो द आल्बुकेर्क' ही त्यांची इथली एकुलती मोठी युद्धनौका भारतीय फ्रिगेटींशी झुंजून किनाऱ्याला लागली. आपले सैनिक उसगावमार्गे फोंड्यात आले, १९ ला सकाळी पणजीत पोचले. उरलीसुरली पोर्तुगीज फौज मुरगावच्या टोकाला गोळा झाली आणि तिच्या अंगालगत वास्को शहर होते, माणसांनी भरलेले. शेवटपर्यंत लढायची जागा तीच ठरलेली होती. त्या वेळी गव्हर्नरने आपल्या सैन्याला कळवले की लढत राहिलो तर वास्कोच्या रहिवाशांचे फार मोठे बळी पडतील, तेव्हा गोळीबार थांबवा. रात्री साडेआठला सही झाली आणि ४५१ वर्षांचा अंमल संपला. या सगळ्या मोहिमेत आपली २२ माणसे गेली, त्यांची सुमारे ३०. मुरगावात गल्लीबोळांतून लढाई झाली असती तर हा आकडा कुठे गेला असता, ते ज्यांचे आजोळ वास्कोत आहे त्यांनी मनाशी मोजावे.

मी त्या माणसाचे गोडवे गात नाही. आग्वादच्या तुरुंगात आपले लोक त्याच्याच कारभारात खितपत होते. माघार घेताना ठिकठिकाणचे पूल उडवले तेही त्याच्याच सैन्याने. पण सहीची किंमत त्याने मोजली हे खरे. १९६२ च्या मे महिन्यात कैद्यांची जहाजे लिस्बनला लागली तेव्हा धक्क्यावर हार घेऊन कोणी उभे नव्हते, बंदुका घेतलेले लष्करी पोलीस होते. १९६३ मध्ये गव्हर्नरला सैन्यातून काढून टाकले. १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली तेव्हाच त्याचा हुद्दा परत मिळाला. पुढे तो गोव्यात आला तेव्हा गोवेकरांनी त्याचे आपुलकीने स्वागत केले. ते सगळे काय पोर्तुगीजधार्जिणे होते?

आणि आपल्या अधिकाऱ्याचे काय? लाथ मारणारा दाखवून तुम्ही नालस्ती कोणाची केलीत? १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी जनरल नियाझींनी ज्या शरणागतीच्या कागदावर सही केली, त्यातच आपल्या जनरल अरोरांची हमी लिहिलेली आहे की शरण येणाऱ्यांना जिनिव्हा करारांप्रमाणे, सैनिकाला मिळायला हवी तशी सन्मानाची वागणूक मिळेल. ९३ हजार माणसे आपल्या ताब्यात आली. त्या कागदावर हे वाक्य नसते तर त्यांतल्या किती तुकड्यांनी शेवटच्या गोळीपर्यंत लढायचे ठरवले असते? समोरच्याला जिवाची आणि अब्रूची खात्री असेल तरच तो बंदूक खाली ठेवतो. ही भूतदया नाही, हे युद्धशास्त्र आहे, आणि आपल्या लोकांना ते फार जुन्या काळापासून कळते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा त्या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे कामी आली होती. तरी किल्ल्यातल्या पोर्तुगीजांना बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन सन्मानाने बाहेर जाऊ दिले. चर्चच्या घंटा मात्र घेतल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्यातली एक अजून टांगलेली आहे. घंटा घ्यावी, टोपी उडवू नये, एवढे तारतम्य तेव्हा होते.

दुसरी तक्रार अज्ञानाची, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. युद्ध थांबणे, युद्ध हरणे आणि युद्ध मिटणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत, हे आपण मुलांना शिकवतच नाही. आपली भाषाही मदतीला येत नाही. 'युद्धबंदी' म्हणजे थांबलेली लढाई, आणि 'युद्धबंदी' म्हणजे पकडलेला सैनिकसुद्धा. मुलांनी पहिला तक्ता या घोळावरच केला होता. "युद्धबंदी झाली आणि युद्धबंदी सुटले" हे वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिले होते. तेही तुम्ही उतरवलेत.

शस्त्रसंधीत बंदुका थांबतात, भांडण तसेच राहते. ११ नोव्हेंबर १९१८ ला काँपियेन्याच्या जंगलात, फ्रेंच सेनापती मार्शल फॉशच्या रेल्वेच्या डब्यात जर्मनांनी सही केली ती शस्त्रसंधीवर. मुदत आधी फक्त ३६ दिवसांची, मग वाढवत नेली. व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला. शत्रूची फौज जर्मन शहरांत शिरण्याआधीच सगळे थांबले, त्यामुळे पुढे तिथल्या लोकांना सांगता आले की आपण रणात हरलोच नाही, घरभेद्यांनी घात केला. त्या सांगण्यातून काय उगवले ते जगाने पाहिले. १९४० मध्ये हिटलरने फ्रान्सला सही करायला लावली ती मुद्दाम तोच डबा, तीच जागा शोधून. म्हणून दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी ठरवले की या वेळी बिनशर्त शरणागतीच हवी. तीसुद्धा जर्मनीला दोनदा द्यावी लागली. ७ मे १९४५ ला फ्रान्समधल्या रँस इथे जर्मन जनरल योडलने सही केली, पण रशियनांना ते मान्य नव्हते, म्हणून ८ मेच्या रात्री बर्लिनमध्ये फील्ड मार्शल काइटेलकडून पुन्हा सही घेतली. मॉस्कोच्या घड्याळात तोवर ९ मे उजाडला होता, म्हणून तिथला विजयदिन एक दिवस पुढे. मुलांना सगळ्यांत आवडली ती मात्र जपानची गोष्ट. २ सप्टेंबर १९४५ ला मिसूरी युद्धनौकेवर सह्या चालू असताना कॅनडाच्या प्रतिनिधीने जपानच्या प्रतीवर चुकीच्या ओळीवर सही केली, आणि खालच्या सगळ्यांच्या सह्या एकेक घर घसरल्या. मग पेनने खाडाखोड करून दुरुस्ती केली. "आमच्या प्रगतिपुस्तकासारखं," असे एकीने त्या चित्राखाली लिहिले होते.

आणि कोरिया. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोममध्ये शस्त्रसंधी झाली, तह आजतागायत झालेला नाही. बोलणी दोन वर्षे रेंगाळली ती मुख्यतः कैद्यांवरून, घरी परत जायला जे तयार नव्हते त्यांचे करायचे काय म्हणून. शेवटी तो निवाडा करायला तटस्थ देशांचा आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्यांकडे आले. युद्ध मिटवण्याच्या कामात आपल्या देशाचे एवढे मोठे नाव आहे, आणि मुक्तिदिनाला आपण मुलांच्या हातात प्लास्टिकच्या बंदुका देतो.

हे सगळे गोव्यात कशाला, असे तुम्ही विचाराल. सांगते. १८ डिसेंबर १९६१ ला, इथे लढाई चालू असताना, न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव होता की लढाई ताबडतोब थांबवा आणि भारताने १७ तारखेच्या आधीच्या जागी परत जावे. ठरावाच्या बाजूने सात मते पडली. सोव्हिएत रशियाने व्हेटो वापरला म्हणून तो फसला. तो मंजूर झाला असता आणि मानावा लागला असता, तर आपल्या वाट्याला शरणागती नव्हे, शस्त्रसंधी आली असती, आणि ती किती वर्षे रेंगाळली असती कोण जाणे. साडेआठच्या त्या सहीचे मोल कळायला हे माहीत असावे लागते.

त्या सहीने तरी सगळे मिटले का? नाही. सालाझारच्या पोर्तुगालने गोवा गेल्याचे कबूलच केले नाही. कबुली आली ती तेरा वर्षांनी, ३१ डिसेंबर १९७४ ला, दिल्लीत. पोर्तुगालच्या बाजूने मारिओ सोआरिश यांनी सही केली, भारताच्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. करार अमलात आला ३ जून १९७५ ला. ३१ डिसेंबर ही तारीख मराठी माणसाला एरवी खुपते, कारण १८०२ मध्ये त्याच दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. 'युद्धात जिंकले आणि तहात हरले' असे आपण आपल्याबद्दल उठल्यासुटल्या म्हणतो. इथे एका मराठी माणसाच्या सहीने तहातही जिंकलो, आणि ही तारीख गोव्यातल्या एकाही मुलाने मला आपणहून सांगितलेली नाही. एकतीस वर्षांत एकानेही नाही. मीही शिकवली नाही, कारण परीक्षेला येत नव्हती.

शरणागती म्हटली की तुम्हाला नामुष्कीच दिसते, म्हणून पुरंदरची आठवण करून देते. १६६५ मध्ये त्या गडावर मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडला, आणि त्याच गडाच्या वेढ्यापायी महाराजांनी मिर्झाराजांशी तह केला. २३ किल्ले दिले, १२ राखले. पाच वर्षांनी गेलेले गड परत घ्यायला सुरुवात झाली. मुरारबाजीचा प्रवेश तुम्ही दरवर्षी बसवता, मी स्वतः चारदा बसवला आहे. तहाचा एकदाही नाही. माणसे आणि मुलूख राखायला कुठे थांबायचे हे महाराजांना कळत होते, तो भाग रंगमंचावर आणायला आपल्यालाच लाज वाटते.

तिसरी तक्रार त्या मुलाच्या प्रश्नाची. लढाई संपली हे सांगतो कोण? त्याच्या गटाने तीन तक्ते यावरच केले होते. १९१८ ला सही पहाटे पाचनंतर झाली, पण निरोप सगळ्या आघाडीवर पोचावा म्हणून वेळ ठरली अकराची. मधल्या सहा तासांत लढाई चालूच राहिली. हेन्री गुंथर हा अमेरिकन सैनिक मेला तो १० वाजून ५९ मिनिटांनी. जपानचा हिरू ओनोदा फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर १९७४ पर्यंत लढतच होता. युद्ध संपल्याची पत्रके विमानातून टाकली, ती त्याला शत्रूचा कावा वाटली. शेवटी त्याचा जुना वरिष्ठ, जो तोवर पुस्तकविक्रेता झाला होता, त्याला तिथे नेऊन हुकूम वाचून दाखवावा लागला. आणि तिसरा तक्ता आपल्या आग्वादचा. किल्ल्यातल्या राजकीय कैद्यांना सोडवायला मेजर शिवदेव सिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल गेले. पोर्तुगीजांचा डाव आटोपत आला होता, पण किल्ल्यावरच्या पहाऱ्याला शरण जाण्याचा हुकूम पोचलेला नव्हता. त्यांनी गोळीबार केला आणि दोघेही तिथेच पडले. त्या तक्त्यासाठी मुले शनिवारी कदंबच्या बसने आग्वादला जाऊन आली. परतताना कोणी फारसे बोलत नव्हते. हा तक्ता पोर्तुगीजांची बाजू घेतो, असे ज्यांना वाटले त्यांनी तो वाचला तरी होता का?

आणखी एक, छोटेसे. तक्ते उतरवायचेच होते तर मोठ्यांनी उतरवायचे. शिपाई जेवायला गेला म्हणून शिडी मुलांनाच धरायला लावली. दुहेरी चिकटपट्टीने दोन तक्त्यांचे कोपरे फाटले, भिंतीचा रंगही निघाला, आणि रंगाबद्दल बोलणी पोरांनी खाल्ली.

आता मागण्या. जास्त नाहीत.

मुक्तिदिनाच्या नाटुकल्यात शरणागतीचा प्रवेश ठेवा किंवा ठेवू नका, पण ठेवलात तर झाला तसा दाखवा. कोणाचे पाय धरणे नाही, लाथ नाही. टेबलखुर्ची प्रत्येक शाळेत असते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाहवत गेलेल्या भाषणाऐवजी त्या दिवसांत गेलेल्यांची नावे वाचा. आग्वादचे दोघे आणि कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मारले गेलेले नौदलाचे सात जण, एवढ्यांपासून सुरुवात केलीत तरी पाच मिनिटे पुरतात. शाळेच्या फलकावर १९ डिसेंबर १९६१ च्या खाली ३१ डिसेंबर १९७४ आणि ३ जून १९७५ या तारखाही रंगवा. ज्यांना तो डिसेंबर स्वतःचा म्हणून आठवतो ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. नववीच्या मुलांना वही-पेन देऊन त्यांच्याकडे पाठवा. कोणाच्या घरात ट्रंकेच्या तळाशी काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. आमची वहीसुद्धा जुन्या कात्र्या शोधताना सापडली.

आणि ज्या शाळेत हे घडले तिच्या समितीकडे वेगळी मागणी आहे. माफी नको. गव्हर्नर झालेल्या त्या मुलाला आणि शिडी धरणाऱ्या चौघांना समोर बसवा आणि तक्ते का उतरवले ते सांगा. ते प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे देता आली तर मी गप्प बसेन. नाही देता आली, तर नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या आठवड्यात तक्ते पुन्हा लावा. सणाचा दिवस तर आता उलटून गेला आहे.

तक्ते सध्या माझ्या घरी सोप्यावर भिंतीला टेकून उभे आहेत. फाटलेल्या दोन कोपऱ्यांना मी मागून कापडी पट्टी लावली आहे. बाबांची मूळ वही मात्र मी देणार नाही, तिला वाळवी लागायला एक पावसाळा पुरतो. झेरॉक्स मिळेल. टेम्पोचे भाडे मी देईन, फक्त उतरवून घ्यायला दोन मोठी माणसे पाठवा.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
फोंडा, गोवा